भुजंगरावांच्या ओसरीतली वीस मिनिटं

सकाळी तलाठ्याच्या ऑफिसात कामाला जायच्या आधी चांगुणा शेजारी मनिषाकडे जाते आणि मनिषाच्या सासूची कूस वळवून येते. कस्तुरामायचा खुबा भाद्रपदातल्या पुरात मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पण वय असं की म्हातारी अजून पलंगावरच आहे. एकीनं खांदा धरायचा, दुसरीनं कमरेखालची चादर ओढायची, मग पाठ पुसून पावडर लावायची. मनिषाला हे एकटीनं जमतं. तरी चांगुणा एक दिवस चुकत नाही.

"तू व्हतीस म्हणून मी हाय," कस्तुरामाय रोज म्हणते.

चांगुणा चादरीच्या सुरकुत्या काढत राहते.

गावही तेच म्हणतं. कोतवालीणबाईनं म्हातारीला पाण्यातून काढलं. बिलोलीहून एक पत्रकार आला होता, त्यानं हातात भोंगा देऊन तिचा फोटो काढला. यातलं काहीच खोटं नव्हतं. गुडघाभर पाणी असताना ती मनिषाच्या घरात शिरली होती, पलंगाचं एक टोक तिनंच उचललं होतं. त्याच्या आधीचे दोन तास तेवढे कुणी विचारले नव्हते.

येळसांगवी मांजरेच्या काठावर आहे. चांगुणाचं माहेरही मांजरेच्याच काठावर, पण तिकडे लांब, निलंगा तालुक्यात. पाऊस वाढला की आईचा फोन येतो. "इकडं पाणी लई चढलंय गं. उद्या तुमच्याकडं येतंय बघ, सामान वर ठेव." चांगुणा दर वर्षी समजावते की आई, नदी मधे दोन राज्यांतून जाऊन येती, मधे धरणं हायत, तुझं पाणी असं सरळ माझ्या दारात येत न्हाई. आई ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, "पोचलं का?"

सासरच्या घरात कोतवालकी तीन पिढ्यांची. सासरे सटवाजी हलगी वाजवून दवंडी द्यायचे. नवरा आनंदराज याच्या काळात हलगी गेली, कागद आले. नोटिसा वाटायच्या, साहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून पंचनाम्याला जायचं, टेप धरायचा. आनंदराज छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगी बुद्धप्रिया दहावीत होती. पुढं जागा निघाली, चांगुणानं परीक्षा दिली आणि तालुक्यात पहिली आली. आता कागदावर कोतवालाला महसूल सेवक म्हणतात. गावात मात्र कोतवालीणबाईच. भीमनगरात, म्हणजे तिच्या स्वतःच्या गल्लीत, म्हातारा व्यंकटी तिला कलेक्टरीणबाई म्हणतो.

"आल्या का कलेक्टरीणबाई. आज कोणतं धरण फोडलं?"

ती हसून पुढं जाते. पण लागतं. नांदेडला तीन दिवसांचं आपत्तीचं प्रशिक्षण करून आली तेव्हा तिला किती सांगायचं होतं. धरणाचा एक दरवाजा उचलला म्हणजे काय, क्युसेक म्हणजे काय, पुलाच्या खांबावर लाल पट्टा कशाला मारलाय. गल्लीत कुणाला वेळ नव्हता. गल्लीनं तिला शेणाच्या पाट्या वाहताना पाहिलं होतं, आनंदराजशी भांडून ओट्यावर रडत बसलेली पाहिली होती. तिच्या तोंडून क्युसेक ऐकायचं म्हणजे त्यांना हसू यायचं.

दवंडीचा एक रस्ता ठरलेला आहे. मारुतीच्या देवळापासून सुरुवात, मग पाटील गल्ली, मग चावडी, पेठेतली दुकानं आणि शेवटी उतारानं खाली भीमनगर. कुणी लिहून ठेवलेला नाही. सासऱ्यांनी कधी त्यात अपमानही मानला नाही. "घरी जाता जाता आपल्या गल्लीत सांगायचं," एवढंच ते म्हणायचे. आनंदराज तसाच जायचा. चांगुणाही तशीच जात आली.

पूर आला त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आदल्या दोन दिवसांपासून पाऊस धरलेलाच होता. दुपारी अडीचला फोनवर संदेश आला. वरच्या धरणातून विसर्ग वाढवून दीड लाख क्युसेक, नदी सायंकाळी सहापर्यंत इशारा पातळी ओलांडणार, काठच्या वस्त्यांना सावध करावे. गावात वीज नव्हती, बहुतेकांचे फोन बंद पडले होते. चांगुणानं रेनकोट घातला, तहसीलनं दिलेला भोंगा गळ्यात अडकवला आणि उतार चढून मारुतीच्या देवळाकडे निघाली. स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडून ती वर गेली. मनिषाच्या दारावरूनच गेली. मनिषा दारात प्लास्टिक बांधत होती, तिनं हात केला. चांगुणानंही केला.

भीमनगरात नदी समोरून येत नाही. नदी फुगली की गल्लीच्या मागच्या ओढ्याचं तोंड दाबलं जातं, आणि ओढा उलटा, घरांच्या पाठीमागून, संडासांच्या बाजूनं चढत येतो. नदी पुलाला टेकायच्या तास-दीड तास आधी भीमनगरात पाणी असतं. हे संदेशात नसतं. हे फक्त त्या गल्लीत राहणाऱ्याला माहीत असतं. चांगुणा त्या गल्लीत बावीस वर्षं राहत होती.

देवळापाशी तिनं पहिली हाक दिली. "नागरिकांना कळविण्यात येते की," असं ती सुरू करते. पाटील गल्लीत दारं उघडली, बायका पदर सावरत बाहेर आल्या, आतून पुरणाचा वास आला. भुजंगराव पाटलांच्या घरापाशी ती आली तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ओसरीत पाहुणे होते, मुदखेडहून जावई आला होता. पाटलांची सून वर्षाराणी पुढं झाली.

"चांगुणाबाई, किती भिजलात. या, वर या. बसा थोडं."

"न्हाई वहिनी, सांगत जायचंय."

"सांगा की बसून. आम्हालाच नीट कळलं नाही." आणि तिनं प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली.

कोपऱ्यात बाजेवर पाटलांची आई साखराबाई बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "सटव्याची सून का ही? तुझा सासरा हितं, त्या पायरीच्या खाली उभा राहायचा. काय खणखणीत हात होता."

"आजी," वर्षाराणी दबक्या आवाजात म्हणाली, "आता तसं न्हाई बोलायचं."

"चांगलंच तर म्हणले मी."

चांगुणा खुर्चीत बसली. रेनकोटातून फरशीवर पाणी ठिबकत होतं, तिनं पाय जवळ ओढून घेतले. कुणीतरी चहा आणला, कपबशीत. भुजंगराव म्हणाले, "बाई, हे दीड लाख क्युसेक म्हणजे नक्की किती हो? दर साली ऐकतो, डोक्यात काही शिरत न्हाई."

"एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर," ती म्हणाली. "म्हणजे दोन घागरी धरा. एकदा डोळा मिटून उघडायचा, दोन घागरी गेल्या. तसं दीड लाखाला तीन लाख घागरी. दर सेकंदाला तीन लाख घागरी आपल्या पुलाखालून."

मग जावई म्हणाला, "असं आजवर कुणी सांगितलंच नाही." भुजंगराव मान हलवत म्हणाले, "घागरी. हे बरोबर. हे कळतं माणसाला."

आतल्या बायका उंबऱ्यापाशी आल्या. त्यांना पुन्हा सांगावं लागलं. जावयानं विचारलं, खांबावरचा लाल पट्टा कशाचा. तिनं तेही सांगितलं. दुसरा चहा नको म्हणत असताना आला. वर्षाराणी म्हणाली, पलीकडच्या घरी आमच्या चुलत सासरी काही ऐकू गेलं नसेल, दारं लावून जेवायला बसलेत, तेवढी एक हाक पुन्हा द्याल का? तिनं परत मागं जाऊन दिली. त्यांनीही बाहेर येऊन विचारलं, घागरीचं ते काय? तिनं सांगितलं.

मग चावडी, मग पेठ. पेठेत दुकानदार माल वर चढवत होते, त्यांना घाई नव्हती, त्यांच्याकडे पाणी कधीच येत नाही. चार वाजून पस्तीस मिनिटांनी ती उतारावर आली. भोंगा तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. भीमनगराच्या रस्त्यावर कोंबड्या पोहत होत्या.

पुढचं गावाला माहीत आहे. माणसं वर काढली, कुणी दगावलं नाही. कस्तुरामायला पाण्यातून चालवेना, म्हणून मनिषा आणि चांगुणानं तिला पलंगासकट उचललं. पाण्याखाली गटार दिसत नव्हतं, मनिषाचा पाय त्यात गेला, पलंग कलला आणि म्हातारी ओट्याच्या कडेवर आपटली. ओरडली नाही. नुसतं "अगं बया" म्हणाली, एखादी वाटी हातातून पडल्यासारखं. मनिषाचं शिलाई मशीन दोन दिवस पाण्यात राहिलं. पाटील गल्लीच्या ओटीलासुद्धा पाणी लागलं नाही.

पंधरा दिवसांनी तलाठी हरिओम यानं तिला एक कागद दिला. हरिओम तरणा, सरळ माणूस, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. पूर्वसूचना दिल्याचा दाखला. गावाचं नाव, वस्तीचं नाव, वेळ, आणि खाली बाधित रहिवाशांच्या पाच सह्या.

"तुम्ही अडीचला निघालात," हरिओमनं विचारलं. "तीन-सव्वातीनपर्यंत भीमनगरात सांगून झालं होतं ना?"

"हाव," चांगुणा म्हणाली.

तिनं विचार करून म्हटलं नव्हतं. साहेबानं काही विचारलं की तिच्या तोंडून आधी हाव निघतं. पण निघालं ते निघालं, आणि परत घ्यायला तिच्याकडे अख्खा दिवस होता. तिनं घेतलं नाही. हरिओमनं वेळेच्या जागी दुपारी तीन लिहिलं. खाली छापलेलं होतंच: पूर्वसूचना देऊनही रहिवाशांनी वेळेत स्थलांतर केले नाही, असल्यास कारण. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं, निष्काळजीपणा.

"सगळ्या गावांना हाच फॉर्म आहे," तो म्हणाला. "सह्या तुम्हीच आणा. तुमचीच गल्ली, लगेच देतील."

लगेच दिल्या. पहिल्या घरी शिवगंगानं पिठाचे हात पुसून दिली. दुसऱ्या दोन घरी बायका म्हणाल्या, कुठं करू, इथं का? व्यंकटीनं चष्मा शोधला, सापडला नाही.

"काय लिवलंय यात, कलेक्टरीणबाई?"

"पूर आला म्हणून."

"ते तर माझ्या भिंतीवर बी लिवलंय. हितवर." त्यानं छातीला हात लावून दाखवला आणि सही केली. सही करताना त्याची जीभ ओठांत आली होती, शाळेतल्या पोरासारखी.

चार झाल्या. पाचवी मनिषाची.

मनिषा दारात बसून मशीनचे पार्ट रॉकेलनं पुसत होती. बारावी शिकलेली, पेपर आला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी. तिनं हात पुसले आणि कागद वाचायला घेतला. चांगुणा उभीच राहिली. आत कस्तुरामाय खोकत होती.

"तीनला?" मनिषानं विचारलं.

"साहेबानं टाकलंय."

"साहेबाला कुणी सांगितलं?"

मनिषानं कागद मांडीवर ठेवला, त्यावर रॉकेलचा डाग पडू नये म्हणून बोटं आखडून.

"अक्का, तुझा भोंगा आम्हाला ऐकू येत व्हता. वरून. तीनच्या सुमाराला देवळापाशी, मग पाटील गल्लीत, मग थांबला, मग परत पाटील गल्लीत. पलंगावरून मामी म्हणली, पाणी येणार वाटतं, गाठोडं बांध. मी म्हणलं, मामी, आपल्याकडं यायचं असतं तर अक्का आधी हितं नसती का आली? तिला ओढा ठाऊक हाय. वर सांगून राहिली म्हणजे नदीचं काही तरी असंल. आपलं न्हाई." तिनं मशीनकडे पाहिलं. "मी त्या वर्षाराणीच्याच ब्लाऊजला हुक लावत बसले."

चांगुणाला वाटलं, आपल्याला कुणी दोन्ही दंडांना धरून उभं केलंय. उशीर झाला एवढंच तिला आजवर माहीत होतं. उशीर हा शब्द तिनं पंधरा दिवस बाळगला होता, त्याची सवय झाली होती. पण भोंगा खाली ऐकू येत होता, आणि तो ऐकूनच ही बाई घरात निवांत बसली, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सांगितलंच नसतं तर कदाचित मनिषानं स्वतः मागं जाऊन ओढा पाहिला असता.

"तेवढा येळ व्हतीस कुठं?"

"भुजंगरावाच्या ओसरीत."

"काय करून राहिली व्हतीस?"

"बसले व्हते. खुर्ची दिली त्यांनी."

"चहा बी?"

"हाव."

"कपात?"

"बशीसकट," चांगुणा म्हणाली. "दोनदा."

मनिषा हसली. ते हसू चांगुणाला ओळखीचं नव्हतं. दोघींनी इतक्या वर्षांत एकमेकींच्या अंगणात किती हसून घेतलं होतं, त्यातलं ते नव्हतं.

"दे, पेन दे," मनिषा म्हणाली.

"खालचं वाचलंस का?"

"निष्काळजीपणा. वाचलं की. मी न वाचता सही करत न्हाई." तिनं हात पुढं केला. "दे म्हणते ना. पोरगी नांदेडला शिकून राहिली. हितं तू भांडून नोकरी घालवशील आणि मामीचा खुबा काय जुळणाराय का त्यानं?"

तिचा हात तसाच पुढं होता, बोटांना काळं रॉकेल लागलेलं. चांगुणानं पेन दिला असता तर ते दोघींनाही सोपं होतं. मनिषा सही करून आत गेली असती, उद्या सकाळी दोघींनी मिळून म्हातारीची कूस वळवली असती, आणि या गल्लीनं ऐकूनही हललं नाही असं सरकारच्या कपाटात कायमचं राहिलं असतं. चांगुणानं वाकून मनिषाच्या मांडीवरचा कागद घेतला. चार सह्यांसकट त्याची घडी घातली.

"उद्या येते," ती म्हणाली.

"कूस वळवायला ये. कागद आणू नको."

दुसऱ्या दिवशी हरिओम सातबारा काढत होता. गर्दी होती. चांगुणा गर्दी सरेपर्यंत बाकावर बसली, मग पुढं झाली आणि कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, मी तुमाला हाव म्हणले ते खरं नव्हतं. भीमनगरात मी चार पस्तीसला गेले. पाणी आधी आलं व्हतं."

हरिओमनं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चार सह्या आहेत यावर."

"त्यांनी न वाचता केल्या. मीच वाचून दाखवलं न्हाई."

"बाई, हा कागद कुणी उघडूनसुद्धा पाहिला नसता."

"तरी बी."

"मला आता वर कळवावं लागेल. तुमच्यावर येईल."

"हाव," चांगुणा म्हणाली. या वेळी विचार करून.

हरिओमनं कोरा फॉर्म काढला. वेळेच्या जागी चार पस्तीस लिहिलं. कारणाच्या जागेपाशी त्याचा पेन थांबला. मग त्यानं तिथं नुसती रेघ ओढली.

त्यानंतर कस्तुरामायला सांगायचं राहिलं होतं. मनिषानं सांगितलं नव्हतं. सलग चार दिवस चांगुणा ठरवून जायची आणि पावडरचा डबा ठेवून परत यायची. पाचव्या दिवशी म्हातारी नेहमीचं वाक्य बोलायला लागली, तेव्हा चांगुणानं तिला मधेच थांबवलं आणि सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईच्या पाठीला सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं. खुर्ची, चहा, घागरी, सगळं.

म्हातारी भिंतीलाच म्हणाली, "म्हणजे रोज येतीस ते त्यापायी व्हय?"

"हाव, माय."

"मला वाटलं, जीव लावती पोरगी."

दोन्ही खरं होतं, पण दोन्ही खरं आहे असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

"येत जा," कस्तुरामाय म्हणाली. "मनिषाची कंबर दुखती. आणि ती पावडर जरा कमी टाक. ठसका लागतो."

दिवाळीच्या आधी नोटीस आली. गावातल्या नोटिसा बजावायचं काम कोतवालाचं. हरिओमनं दिलेल्या गठ्ठ्यात तीन होत्या, एक जमिनीच्या वादाची, एक वाळूची, आणि तिसरी तिची. तिनं नाव पाहिलं आणि वर पाहिलं.

"दुसरा माणूस कुठून आणू?" हरिओम ओशाळून म्हणाला. "तुम्हीच बजावा तुम्हाला. साक्षीदार एक घ्या गावातला."

तिनं आधी दोन बजावल्या. मग मनिषाकडे गेली. मनिषाचं मशीन एव्हाना चालू झालं होतं, पण टाका मधेच सुटायचा. तिनं नोटीस वाचली, पूर्ण, मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"म्हणजे तू तुझ्याच हातात दिली आणि तू तुझ्याच हातानं घेतली, हे मी बघितलं असं लिहून द्यायचं?"

"हाव."

"काय बी करतं हे सरकार." तिनं सही केली. "चहा टाकू का?"

पूर आल्यापासून मनिषानं पहिल्यांदा विचारलं होतं. चांगुणा म्हणाली, "टाक." आणि चहा होईपर्यंत दारातच उभी राहिली. मनिषानं बस म्हटलं नाही. विसरली की मुद्दाम, हे चांगुणानं तिच्या तोंडाकडे पाहून शोधलं नाही.

उशीर का झाला याचा सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. हरिओमनं वाट सांगून ठेवली होती. "पूर्वापार प्रथेनुसार सूचना वरच्या भागातून सुरू केली, एवढं लिहा. खरंच आहे ते. ताकीद देऊन सोडतील."

रविवारी दुपारी बुद्धप्रियाचा फोन आला तेव्हा चांगुणा भाकरीच्या परातीवर पाट आडवा टाकून त्यावर कागद घेऊन बसली होती. फोन तिनं स्पीकरवर ठेवला.

"आई, तलाठी बरोबर सांगतायत," बुद्धप्रिया म्हणाली. ती नांदेडला समाजकार्याचं शिकते. "उलट जोरात लिही. जिथं पाणी येतच नाही तिथं आधी सांगायचं आणि जिथं येतं तिथं शेवटी, हा नियम कुणी केला? आपण केला का? आजोबा पायरीखाली उभे राहायचे. तू फक्त त्यांचा रस्ता चाललीस. दोष तुझा नाही, त्या रस्त्याचा आहे."

"हाव, खरंय ते."

"मग लिही ना तसं. मी सांगते, तू लिही."

चांगुणानं पेन टेकवला. पोरगी बोलत होती, शब्द चांगले होते, शिकलेल्या माणसाचे होते, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. रस्ता चुकीचाच होता. तो बदलायला पाहिजे, हे तिनं वेगळ्या कागदावर लिहूनही ठेवलं होतं, ग्रामसभेत द्यायला. पण तिला सासरे आठवत होते. एका वर्षी अशीच नदी फुगली होती, ती नवी नवरी होती. सटवाजी हलगी घेऊन वर गेले. मारुतीचं देऊळ, पाटील गल्ली, चावडी, पेठ, तोच रस्ता. अर्ध्या तासात धापा टाकत भीमनगरात आले आणि गल्ली कोरडी असताना सगळ्यांना वर काढलं. त्यांना कुठंच कुणी बस म्हटलं नव्हतं. पायरीखाली उभ्यानं सांगायचं, वळायचं, चालायला लागायचं.

रस्ता तोच होता, आणि त्या रस्त्यानं सासरे वेळेत पोचले होते.

"आई? लिहितेयस ना?"

"लिहून राहिले."

तिनं लिहिलं. अक्षर मोठं, शाळेतलं. लिहून झाल्यावर बुद्धप्रिया म्हणाली, वाच. चांगुणानं कागद उजेडाकडे धरला.

"प्रथेनुसार मी वरून सुरुवात केली. परंतु प्रथेमुळे उशीर झाला नाही. भीमनगरात ओढ्याचे पाणी आधी येते, हे मला माहीत होते. मी भुजंगराव पाटील यांच्या ओसरीत वीस मिनिटे खुर्चीत बसले व दोन वेळा चहा घेतला. तेथील लोक माझे ऐकत होते. मला उठावेसे वाटले नाही."

फोनवर नांदेडच्या रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

"पुढं?" बुद्धप्रियानं विचारलं.

"पुढं न्हाई. एवढंच हाय."